इंजिनाचे १८० आणि पॉलिसीचे ५००

(खरे आकडे छापू नयेत अशी पत्रलेखकाची विनंती होती. म्हणून त्यांच्या हातात येणारा महिन्याचा पगार १०० धरला आहे आणि बाकी सगळे आकडे त्याच मापात आहेत. म्हणजे ३०० याचा अर्थ तीन पगार.)

पत्र थोडक्यात असं: "गाडी नऊ वर्षांची आहे. अकरा आठवड्यांपूर्वी ओळखीच्या मेकॅनिककडून टायमिंग बेल्ट बदलून घेतला. ३० झाले, कार्डावर भरले. ओळखीतला माणूस, म्हणून बिल मागितलं नाही. १,४०० किलोमीटर चालल्यावर एका सकाळी इंजिन थरथरायला लागलं, पिवळा दिवा लागला. घर सहा किलोमीटरवर होतं, तशीच नेली. दारात बंद पडली. दहा-बारा वेळा स्टार्टर मारला. दुसऱ्या गॅरेजवाल्याने कव्हर काढलं, तर बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा बोल्ट सैल आणि बेल्ट तीन दात सरकलेला. व्हॉल्व्ह वाकलेत, इंजिन गेलं म्हणतो, १८० सांगतो. पहिला मेकॅनिक म्हणतो, बेल्टच खराब निघाला, मजुरी घेत नाही, पार्टचे ११० द्या. मित्र म्हणतात, कोर्टात खेच. वकील ६० आगाऊ मागतात. दुरुस्ती, बेल्टचे पैसे आणि टोचन मिळून २१५, मनस्तापाचे ५००, म्हणजे ७०० तरी मिळावेत. तोवर दुरुस्ती कार्डावर करतो आणि भरपाई आली की एकदम भरून टाकतो. की गाडी आहे तशी १२० ला देऊन १००० ची नवी घेऊ? कार्डावर आधीचे १२० आहेत, सध्या मिनिमम भरतोय (बायकोला हे माहीत नाही). घराचं कर्ज २२०० बाकी, ९ टक्क्यांनी, हप्ता २२. पुढच्या महिन्यात पॉलिसीचा ३०० चा चौथा हप्ता आहे म्हणून जरा ओढाताण आहे, पण त्या पॉलिसीवर कर्ज मिळतं असं मामा म्हणतात. बायकोच्या मामांनीच ती दिली आहे. वय ३८, पगार माझा एकट्याचा, मुलं ११ आणि ४ वर्षांची."

मेकॅनिकबद्दल तुम्ही चार पानं लिहिलीत आणि पॉलिसीबद्दल दोन ओळी. त्या दोन ओळी वाचून मी तुमच्याकडून पॉलिसीचं पहिलं पान आणि परताव्याचा तक्ता मागवला. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण या पत्रातलं मोठं नुकसान तिथे आहे. पण आधी गाडी, कारण तिथे दिवस मोजून आहेत.

आजच दुसऱ्या गॅरेजला फोन करून सांगा, की यापुढे एकही नट सोडायचा नाही. तुमच्या बाजूने आत्ता जी एकमेव भक्कम गोष्ट आहे ती त्या कव्हरच्या आत आहे, आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवलं की ती मोडली. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. बेल्टचे दात सगळे शाबूत दिसतात, कडाही उसवलेली नाही. टेन्शनरच्या बोल्टखाली मात्र एक चकचकीत कडं उमटलंय. घट्ट बसलेला बोल्ट जागचा हलत नाही, त्यामुळे असं कडं घासलं जात नाही. बेल्ट मुळात खराब असता तर तो तुटला असता, नाहीतर त्याचे दात झडले असते. इथे बेल्ट धड आहे आणि ताण गेलाय, म्हणजे "बेल्टच खराब निघाला" हे त्याचं म्हणणं या फोटोशी जुळत नाही. पण फोटो तुमच्या मोबाइलमधला आहे आणि निष्कर्ष अशा माणसाचा आहे ज्याला याच दुरुस्तीतून १८० मिळणार आहेत. समोरचा हेच म्हणणार.

म्हणून ज्याला दुरुस्तीचं काम मिळणार नाही अशा तिसऱ्या जाणकाराकडून लेखी अहवाल घ्या. तुम्ही विचारून ठेवलंय, ८ लागतील. ते द्या. अहवालात मीटरवरचा आकडा, तारीख, टायमिंगच्या खुणा किती दात सरकल्यात आणि बोल्ट कितपत सैल होता, हे सगळं यायला हवं. त्याच वेळी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या आणि प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून पिस्टनचा माथा पाहायला सांगा. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात. बेल्ट सरकला की आळीपाळी चुकते आणि ते एकमेकांवर आदळतात. व्हॉल्व्हची धार पिस्टनवर चंद्रकोरीसारखी उमटलेली दिसते. सगळ्या इंजिनांत असं होत नाही, काहींत नुसता बेल्ट परत जुळवला की काम भागतं. तुम्ही लिहिलंय की नंतर स्टार्टर मारला तेव्हा इंजिन "हलकं, शिवणयंत्रासारखं" फिरत होतं, नेहमीचा घुर्र-घुर्र ठेका नव्हता. हे कॉम्प्रेशन गेल्याचं लक्षण आहे, म्हणून व्हॉल्व्ह वाकले असण्याची भीती खरी वाटते. तरी १८० हा आकडा पूर्ण इंजिनाचा आहे की नुसत्या हेडच्या कामाचा, हे दोन वेगळ्या ओळींत लिहून घ्या. ढोबळ आकड्यावर होकार देऊ नका.

पहिल्या मेकॅनिकला लेखी कळवा की गाडी अमुक ठिकाणी उभी आहे, दहा दिवसांत येऊन स्वतः पाहा. तो आला नाही तरी चालेल, पण त्याला संधी दिली होती याचा कागद हवा. जुने सुटे भाग पिशवीत घालून, वर तारीख टाकून घरी आणा. बेल्ट-टेन्शनर गॅरेजच्या भंगारात गेला की तुमचा दावाही त्याच्याबरोबर गेला.

आणि ते सहा किलोमीटर लपवू नका. दिवा लागल्यावर गाडी चालवली आणि नंतर दहा-बारा वेळा स्टार्टर मारला, हे समोरचा काढणारच. त्यामुळे नुकसान वाढलं असेल तर तेवढा वाटा तुमच्या माथी येतो. तुमच्या गाडीच्या अपघात विम्याचा इथे उपयोग नाही. यांत्रिक बिघाड आणि चुकीची दुरुस्ती या गोष्टी त्यातून सहसा वगळलेल्या असतात. गाडी कुठेतरी आपटल्याचं दाखवून दावा करायचा सल्ला ज्या मित्राने दिलाय, त्याचं ऐकू नका. तो गुन्हा आहे.

आता ७०० चं बघू. यातले मनस्तापाचे ५०० आधी खोडून टाका. मनस्ताप झाला नाही असं मी म्हणत नाही. पण त्या आकड्याला कागदाचा आधार नाही, आणि नुकसानीच्या अडीचपट रक्कम त्यापोटी मिळेल या भरवशावर घरखर्चाचं नियोजन होत नाही. मग २१५. त्यात बेल्टचे ३० दोनदा धरलेत. १८० च्या दुरुस्तीत नवा बेल्ट आहेच. काम नीट झालं असतं तरी ते ३० तुमचे जाणारच होते. म्हणजे दुरुस्ती १८०, टोचन ५ आणि अहवालाचे ८, मिळून साधारण १९०. त्यातूनही समोरचा म्हणेल की नऊ वर्षांच्या इंजिनात नवे व्हॉल्व्ह आले, त्याचा फायदा यांनाच झाला, तेवढं कमी करा. यात थोडं तथ्य आहे. कोर्टाबाहेरच तडजोड झाली तर १०० ते १३० हाती येणं मी चांगलं समजेन.

वकिलाला ६० देऊन १९० च्या मागे लागायचं, जिंकायची शक्यता निम्मी धरली तर ९५ पडतात, वकील वजा जाता ३५ उरतात, तेही वर्षा-दोन वर्षांनी. आणि निकाल लागला तरी एकट्याने गॅरेज चालवणाऱ्या माणसाकडून वसुली करणं हे वेगळं काम आहे. त्यापेक्षा अहवाल जोडून, रक्कम आणि तारीख घालून मागणीपत्र तुम्हीच लिहा. त्याच्याकडे व्यवसायाचा दायित्व विमा (कामातल्या चुकीने गिऱ्हाइकाचं झालेलं नुकसान भरून देणारा) असेल तर विमा कंपनीला कळव, असंही त्यात लिहा. नाहीच ऐकलं तर ग्राहक तक्रारीसाठी किंवा छोट्या दाव्यांसाठी जी यंत्रणा असते तिथे बहुधा वकिलाविना उभं राहता येतं. १९० च्या दाव्याची तीच जागा आहे.

कार्डाने भरल्याचा एक फायदा तुमच्या लक्षात आलेला नाही. काम सदोष निघालं म्हणून त्या ३० ची तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडे करता येते. कार्ड-नेटवर्कच्या नियमांत अशा तक्रारींना साधारण १२० दिवसांची मुदत असते. अकरा आठवडे म्हणजे ७७ दिवस झाले. या आठवड्यात करा. त्यातून फक्त ३० च सुटतील, इंजिनाचं नुकसान नाही. आणि ते मिळाले तर मेकॅनिककडच्या मागणीतून वजा करा.

त्याने देऊ केलेल्या सवलतीची किंमत ७० आहे, १८० वजा ११०. पण काम परत त्याच हातांनी होणार, आणि आता हेड उघडून. मी ते घेणार नाही. मात्र मजुरी घेत नाही हे त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या. चूक नसलेला माणूस फुकट राबायला तयार का होतो, हा प्रश्न पुढे कुणीही विचारेल. मग सांगा की काम दुसरीकडे करतो, तू रोख दे, आणि १३० पासून बोलायला सुरुवात करा.

नव्या गाडीचा विचार सोडा. १००० ची गाडी पहिल्या वर्षातच १५ ते २० टक्के उतरते, म्हणजे तुमच्या या इंजिनाइतकी रक्कम नुसती दारात उभी राहून जाते. २०० स्वतःचे आणि ८०० कर्ज धरलं तर पाच वर्षं महिन्याला १७. जुनी गाडी आज १२० ची आहे. १८० घालून चालती केली तर ३०० च्या पुढे जाईल, आणि तुम्हाला अजून तीन-चार वर्षं नेईल. दुरुस्त करा.

फक्त कार्डावर नको. १२० वर महिन्याला ३ टक्के लागतायत, चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्के पडतात. त्यात १८० घातले की ३०० होतील. वर्षभर भरपाईची वाट पाहिली तर नुसत्या त्या १८० वर ७७ व्याज. म्हणजे तुम्ही दावा जिंकलात आणि १२० मिळाले, तर त्यातले ७७ बँकेचे. भरपाई माझ्या हिशेबात शून्य आहे. आली तर आनंद.

आता ती पॉलिसी.

वर्षाला ३०० प्रमाणे १५ वर्षं भरायचे, म्हणजे ४५०० भरायचे, आणि २० व्या वर्षी ७५०० मिळणार. तक्त्याच्या समासात पेनाने "६६% नफा" लिहिलंय, ते अक्षर मामांचंच असावं. हे लिहिलेलं पाहिलं की मला राग येतो, कारण आकडा खोटा नाही आणि तरीही त्याने फसवलंय. ६६ टक्के वीस वर्षांत. हप्त्यांच्या तारखा धरून हिशेब केला तर वर्षाला ४ टक्क्यांहूनही थोडं कमीच पडतं. तुम्ही घराच्या कर्जावर ९ टक्के भरता आणि कार्डावर ४२. एका खिशातून ४२ ने उसने घेऊन दुसऱ्या खिशात ४ ने ठेवताय, आणि या ठेवण्यासाठी पगाराचा चौथा हिस्सा जातोय. कार्डाचे १२० साचले कशामुळे, असं तुम्ही स्वतःला विचारलंत का? गाडीचे त्यात ३५ आहेत. बाकीचे त्या महिन्यातले आहेत जेव्हा ३०० एकदम गेले आणि घर चालवायला कार्ड काढावं लागलं.

पण परतावा कमी असणं हा या पॉलिसीतला लहान दोष आहे. पहिल्या पानावर विम्याची रक्कम लिहिली आहे, ३०००. तुम्ही पत्रात म्हणता "विम्याचं बघायला नको, मोठी पॉलिसी आहे." तुमच्या मागे घरात काय येईल ते मांडतो. ३००० येतील. २२०० घराचं कर्ज फेडायला जातील. १२० कार्डाचे. उरले ६८०. सात पगारही नाहीत. धाकटं मूल चार वर्षांचं आहे आणि घरात दुसरा पगार नाही. सात महिन्यांनी काय?

हे तुम्हाला तीन वर्षांत कुणी मांडून दाखवलं नाही. विकणाऱ्याचं ते पहिलं काम होतं. मेकॅनिकने बोल्ट आवळला नाही तो तुम्हाला १,४०० किलोमीटरवर कळला, गाडी थरथरली म्हणून. इथे दिवा लागत नाही.

बाहेर पडायचं तर आज हाती ४०० येतात, कंपनीनेच तुम्हाला तसं कळवलंय. भरलेत ९००. म्हणजे ५०० गेले, पाच पगार. इंजिनाच्या जवळजवळ तिप्पट. हे वाचायला कडू आहे, मला ठाऊक आहे, आणि आता इतके भरलेच आहेत तर पूर्ण करू असं मनात येणार. म्हणून पुढचा हिशेब मागचे ९०० विसरून करा. आजचे ४०० आत राहू दिले, वर आणखी १२ हप्ते म्हणजे ३६०० भरले आणि १७ वर्षांनी ७५०० घेतले, तर वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास पडतात. तोच पैसा घराच्या कर्जात टाकला तर ९ वाचतात, कुठलीही जोखीम न घेता. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप, म्हणजे न मोडता कमी रकमेवर तशीच, ठेवली तर १७ वर्षांनी ६०० मिळतील. ४०० चे ६००, सतरा वर्षांत. अडीच टक्केसुद्धा नाहीत. आणि पॉलिसीवर कर्ज, जे मामा सुचवतात, ते म्हणजे तुमचेच ४०० तुम्हाला व्याजाने देणं आणि ३०० चा हप्ता चालूच ठेवणं.

तेव्हा पॉलिसी बंद करा, पण क्रम चुकवू नका. आधी टर्म विमा. १५ वर्षांच्या पगाराइतका, म्हणजे १८००० चा, साधा, शेवटी काहीही परत न देणारा. तुमच्या वयाला, तंबाखू नसेल आणि तब्येत ठीक असेल तर महिन्याला ३-४ मध्ये बसावा. अर्जात आजार, वजन, औषधं, सगळं खरं लिहा. वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी मोडायची नाही. पुढच्या महिन्यात ३०० ची तारीख आहे. वार्षिक हप्त्याला त्यानंतर सहसा ३० दिवसांची सवलत असते आणि तेवढ्या काळात विमा चालू राहतो. स्वतःच्या पॉलिसीत ते कलम वाचून घ्या. अर्ज याच आठवड्यात केलात तर चौथा हप्ता न भरता बाहेर पडता येईल.

४०० आले की त्याच दिवशी १२० कार्डावर. मग १८० इंजिनाचे. उरलेले १०० वेगळ्या खात्यात, ज्याचं कार्ड तुमच्या पाकिटात नसेल. हप्त्याचे महिन्याला २५ मोकळे होतील. त्यातले ४ टर्म विम्याला, बाकीचे २१ दर महिन्याला त्याच खात्यात, ते ४०० होईपर्यंत. सव्वा वर्ष लागेल. मेकॅनिककडून जे येईल ते तिथेच. त्यानंतर हे २१ गुंतवायचे कुठे याचं पत्र जरूर पाठवा, पण आत्ता तो विषय काढू नका. ते ४०० हातात येईपर्यंत गॅरेजवाला थांबायला तयार नसेल तर महिनाभर गाडीविना काढा.

"मामांना वाईट वाटेल," असं तुम्ही लिहिलंय. मेकॅनिककडून बिल घेतलं नाहीत तेही ओळखीखातर. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात, आणि तुमच्या पत्रात ती दोनदा भेटते. मामांशी भांडायचं कारण नाही. त्यांना कमिशन मिळालं, ते परत मागता येत नाही. एवढंच सांगा की घरात पगार एक आहे, कर्ज आहे, विमा कमी पडतो, म्हणून बदलतोय. ते नवीन योजना घेऊन येतील, बहुधा टर्म विमाच पण "पैसे परत" मिळणारा. त्याचा हप्ता दुपटीहून जास्त असतो. नको म्हणा.

राहिली तुमच्या बायकोला न सांगितलेली गोष्ट. टर्म विम्याच्या अर्जावर वारस म्हणून त्यांचंच नाव लागणार, आणि दावा करायची वेळ आलीच तर कागद शोधणार त्याच. कार्डाचं स्टेटमेंट, पॉलिसीचं पान आणि घराच्या कर्जाची नोंद, हे तिन्ही कागद येत्या रविवारी टेबलावर ठेवून दोघांनी बसा. मामा त्यांचे आहेत, त्यामुळे तो फोन कुणी करायचा हेही तेव्हाच ठरेल. मेकॅनिकला पत्र मात्र सोमवारची वाट न पाहता उद्याच जाऊ द्या.